जुनं बेअरिंग परत मागून घ्या

टिटवाळ्याहून फळेगावकडे जाताना काळू नदीवर रुंदे पूल लागतो. पाऊस लागून राहिला की हा पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या गावांचा टिटवाळ्याशी संपर्क तुटतो. ही बातमी जवळपास दर पावसाळ्यात छापून येते. पाणी ओसरल्यावर गाळातून वाट काढत जाणाऱ्या वाहनांत एखादी जुनी जीप किंवा जिप्सी हटकून असते, कारण असल्या रस्त्यांसाठीच माणसं ती सांभाळून ठेवतात. मग दसरा-दिवाळीच्या सुमारास त्याच गाडीच्या मागच्या बाजूनं घुमल्यासारखा आवाज येऊ लागतो. चाळीसच्या वेगाला बारीक, साठला ठळक. गॅरेजवाला चाक फिरवून बघतो आणि म्हणतो, ‘बेअरिंग गेलं.’ नवं बसतं, आवाज थांबतो, पैसे चुकते होतात, जुनं बेअरिंग भंगाराच्या डब्यात पडतं. पुढच्या दिवाळीला तोच आवाज, तीच बाजू, आणि ‘हल्ली माल चांगला येत नाही’ हा ठरलेला निष्कर्ष. माझं म्हणणं असं, की या सगळ्या व्यवहारात खरी चूक होते ती जुनं बेअरिंग न बघता टाकून देण्याची. मागच्या एक्सलचं बेअरिंग आपणहून सहसा जात नाही. त्याला कशानं तरी घालवलेलं असतं, आणि कशानं ते त्याच्या अंगावर उमटलेलं असतं. ते न वाचता नवं बसवणं म्हणजे गळकं कौल तसंच ठेवून खालची भिंत पुन्हा रंगवणं.

हे बेअरिंग इतकं महत्त्वाचं का, ते समजायला बैलगाडी बरी पडते. बैलगाडीचा कणा फिरत नाही. चाक त्याच्याभोवती फिरतं. भार कण्यानं सोसायचा आणि फिरायचं चाकानं, अशी कामाची वाटणी. मोठ्या ट्रकचा मागचा एक्सल याच घराण्यातला आहे. तिथे एक्सलच्या हौसिंगच्या टोकावर हब दोन बेअरिंगांवर फिरतो आणि आतल्या शाफ्टकडे फक्त चाक फिरवण्याचं काम असतं. शाफ्ट बाहेर ओढून काढला तरी ट्रक आपल्या चाकांवर उभा राहतो. जीप, जिप्सी आणि असाच अखंड मागचा एक्सल असलेल्या बहुतेक हलक्या गाड्यांत ही वाटणी नाही. इथे चाक थेट शाफ्टच्या टोकाला जखडलेलं असतं आणि तो शाफ्ट हौसिंगच्या तोंडाशी बसवलेल्या एकाच बेअरिंगवर फिरतो. म्हणजे त्या बाजूचं सगळं वजन, खड्ड्याचा दणका, वळणावर चाकाला आडवा बसणारा रेटा आणि शाफ्टला जागेवर धरून ठेवण्याची जबाबदारी, हे सगळं तळहाताएवढ्या एका पोलादी कडीवर येतं. ‘सहा महिने आवाज येतोय, गाडी तरी चालतेय ना’ असं म्हणणाऱ्याला यापेक्षा वेगळं उत्तर नाही. ट्रकचं एक बेअरिंग कुरकुरलं तर दुसरं निदान थोपवून धरतं. जिप्सीसारख्या गाडीत बेअरिंग पुरतं खचून त्यामागे दाबून बसवलेली कॉलर सरकली, तर चाक, ड्रम आणि शाफ्ट हे तिघं एकत्रच गाडीबाहेर निघतात, आणि त्याच चाकाचा ब्रेकही त्यांच्याबरोबर जातो.

आपल्याकडे या जुन्या फोर-व्हील गाड्यांची मुख्य घराणी दोन. विलीज जीपची जोडणी महिंद्रांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला सुरू केली आणि तिचे वंशज पुढची कित्येक दशकं ठाणे, नाशिक, पुण्याच्या डोंगराळ तालुक्यांत राबत राहिले. दुसरी मारुती जिप्सी. ती 1985च्या डिसेंबरात आली, 1996 पासून तेराशे सीसी इंजिनाच्या ‘किंग’ रूपात विकली गेली आणि गेल्या दशकाच्या अखेरीस बंद झाली. दोघींच्या मागच्या एक्सलचं तत्त्व एकच असलं तरी बेअरिंग वेगळं. विलीज वंशाच्या जुन्या जीपमध्ये निमुळत्या रोलरचं बेअरिंग असतं, ज्याच्या कल्पनेचं पेटंट हेन्री टिमकेन यांनी 1898 साली घेतलं. त्यात शाफ्टला किती ‘प्ले’ ठेवायचा हे पातळ पत्र्याच्या शिम घालून ठरवावं लागतं; हा प्ले मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासचा असतो. जिप्सीत छऱ्यांचं बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवतात आणि त्यामागे एक कॉलर, तीही दाबूनच. त्यात जुळवाजुळव काही नाही, पण काढायला ते महाकठीण. या फरकाकडे पुढे यायचं आहे, कारण दोघींना एकाच मापानं मोजण्याची चूक गॅरेजांत सर्रास होते.

बेअरिंग आपणहून सहसा जात नाही, हे कशावरून? एसकेएफ ही बेअरिंगच्या धंद्यातली स्वीडनची जुनी कंपनी, 1907 सालची. तिचा एक कारखाना आपल्या चिंचवडला आहे. तिच्या माहितीपत्रकांत बिघाडांची जी ढोबळ विभागणी दिलेली असते, ती अशी: बिघडलेल्या बेअरिंगांपैकी सुमारे एक तृतीयांश पोलादाच्या थकव्यानं जातात, एक तृतीयांश वंगणाच्या दोषानं, सहावा हिस्सा आत शिरलेल्या घाणीनं आणि उरलेला सहावा हिस्सा चुकीची बसवणी, हाताळणी, जादा भार अशा कारणांनी. थकवा म्हणजे आयुष्य पुरं करून येणारं मरण. याचा अर्थ दोन तृतीयांश बेअरिंगं अकाली जातात. ही विभागणी सगळ्या प्रकारच्या यंत्रांची मिळून आहे, कापडगिरणीपासून कागदगिरणीपर्यंत. छपराखाली स्वच्छ जागी फिरणाऱ्या मोटरीचा हिशेब चिखलपाण्यातल्या चाकाला तसाच लावता येणार नाही. पण लावलाच तर तो चाकाच्या बाबतीत आणखी वाईट ठरेल, बरा नव्हे. पाणी आणि गाळ यांचा वाटा इथे वाढणारच.

भाराचं गणितही बघण्यासारखं आहे. लुंडबर्ग आणि पामग्रेन या दोघा स्वीडिश अभियंत्यांनी 1947 साली बेअरिंगच्या आयुष्याचा जो नियम मांडला तो आजही पायाभूत मानला जातो. त्याप्रमाणे छऱ्यांच्या बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मं होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतं. इतकंच कशाला, भार नुसता सव्वापट झाला तरी आयुष्य अर्ध्यावर येतं. वाटल्यास सव्वाचा घन करून पाहावा, तो दोनच्या अगदी जवळ भरतो. मुरबाड-शहापूरकडच्या रस्त्यांवर मागच्या दारात माणसं लोंबकळत जाणारी जीप हे गणित रोज सोडवत असते. आणि शहरातल्या हौशी मालकांनी फार हसू नये. रुबाबासाठी रुंद टायर आणि चाक बाहेर काढणारे स्पेसर लावले, की वजन तेवढंच राहूनही ते बेअरिंगपासून लांब जातं आणि तरफेसारखा रेटा वाढतो. गाडी दिसते दणकट, बेअरिंग मात्र त्या दिवसापासून ओझ्याखाली असतं.

तरीही आपल्या भागात पहिला संशयित पाणीच. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला, त्या दिवशी उल्हास आणि काळूच्या खोऱ्यातही पुरानं थैमान घातलं. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकून पडली आणि हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा दिवशी गाडी कुणी पाण्यात घातलेली नसते. पाणीच अंगणातल्या गाडीपर्यंत चालून येतं. पण मालकांना एक गोष्ट पटत नाही. ते म्हणतात, सील शाबूत होतं, पाणी आत जाईल कुठून? त्याचं उत्तर हवेत आहे. बरंच अंतर धावून आलेल्या गाडीचं एक्सल हौसिंग चटका बसेल इतकं तापलेलं असतं. त्याच्या पोकळीत तेलाच्या वर हवा असते. ऐंशी अंशांवरची हवा तीस अंशांपर्यंत थंड झाली की तिचं आकारमान सुमारे सातव्या हिश्श्यानं घटतं. तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की हे काही क्षणांत घडतं, आणि आत निर्माण झालेली ओढ भरून काढायला बाहेरून काहीतरी यावंच लागतं. हौसिंगच्या वरच्या अंगाला ब्रीदर नावाची छोटी झडप असते ती यासाठीच, हवा येण्या-जाण्यासाठी. ती चिखलानं बुजलेली असली, की ऑइल सीलच्या रबरी ओठाखालून पाणी शोषलं जातं. सील तेल बाहेर येऊ नये म्हणून केलेलं असतं. बाहेरचं पाणी आत ओढलं जात असताना त्याला अडवण्याचं काम त्यानं करावं ही अपेक्षाच चुकीची. उलट दिशेचा त्रासही याच झडपेतून येतो. ती बंद असताना हवा तापून फुगते, तेलाला सीलमधून बाहेर ढकलते आणि गिअर ऑइल ब्रेकच्या लायनरवर सांडतं. मग सील बदललं जातं, लायनर बदलले जातात, बेअरिंगही बदललं जातं, आणि सगळ्याच्या मुळाशी असलेली बोटाच्या पेराएवढी झडप जशी होती तशी राहते. एक पुरेशी लांब रबरी नळी लावून ब्रीदरचं तोंड चासीच्या वरच्या पातळीला नेऊन ठेवणं हे गाडीवरच्या सगळ्यात स्वस्त कामांपैकी एक आहे.

आता भंगाराच्या डब्यातलं बेअरिंग उचलून बघू. खरं तर काम त्याच्या आधीपासून सुरू व्हायला हवं: बेअरिंग काढण्यापूर्वी त्याच्या बाहेरच्या कडीवर वरच्या बाजूला रंगाचा एक ठिपका द्यावा. कारण चाक जमिनीवर टेकलेलं असताना शाफ्ट वर रेटला जातो, म्हणून भाराची जागा बाहेरच्या कडीच्या वरच्या भागात असते. बेअरिंग बाहेर आलं, बाहेरची कडी कापून किंवा सील उचकटून आत पाहिलं (कापताना डोळ्यांवर चष्मा हवाच), की छर्रे ज्या पट्ट्यावरून फिरतात तो पट्टा दिसतो. फक्त ठिपक्याच्या आसपास पापुद्रे सुटल्यासारखे खड्डे पडले असतील आणि बाकी पट्टा स्वच्छ असेल, तर ते बेअरिंग आपलं आयुष्य जगून गेलं. त्याबद्दल कुणाला दोष देण्याचं कारण नाही. पट्ट्यावर छऱ्यांच्याच अंतरानं गंजाचे काळपट-तांबूस डाग असतील, तर पाणी आत येऊन गाडी उभी राहिली होती; प्रत्येक छर्रा जिथे टेकून होता तिथे पाणी थांबलं आणि पोलाद खाल्लं. डाग त्याच अंतरानं आहेत, पण गंज नाही, नुसते चकचकीत खळगे आहेत, तर मामला वेगळा. हा घणाचा मार आहे. भिंग लावून पाहिलं तर अशा खळग्याच्या तळाशी कारखान्यातल्या घासकामाच्या बारीक रेघा अजून दिसतात, कारण पोलाद झिजलेलं नसतं, फक्त दबलेलं असतं. निळी-तपकिरी झाक म्हणजे वंगणावाचून तापलं. छऱ्यांच्या वाटेचा पट्टा कडीवर सरळ न जाता तिरका गेलेला असेल, तर बेअरिंग वाकडं बसलं होतं किंवा शाफ्टच वाकलेला आहे, आणि मग नवं बेअरिंगही त्याच वाटेनं जाणार. शेवटी आतल्या कडीच्या आतल्या बाजूवरून, म्हणजे शाफ्टला चिकटून बसणाऱ्या पृष्ठभागावरून, बोट फिरवावं. तिथे आरशासारखी चकाकी किंवा गोल ओरखडे लागले तर ती कडी शाफ्टवर सैल होऊन घसरत होती. ही सगळ्यात महागडी खूण, कारण तिचा अर्थ बेअरिंगबरोबर शाफ्टही खराब झाला आहे.

घणाच्या खुणेवर जरा थांबलं पाहिजे, कारण आक्षेप इथेच सगळ्यात जोरकस आहे. चांगले मिस्त्री म्हणतात, आमची हयात गेली, पाइप लावून ठोकूनच बसवतो, काही होत नाही. त्यांच्या हातातल्या कसबाबद्दल मला शंका नाही; गाडीखाली झोपून नुसत्या आवाजावरून डावं-उजवं ओळखणारे कान पुस्तकातून मिळत नाहीत. पण या बाबतीत त्यांचा अनुभव त्यांना फसवतो, आणि का फसवतो ते सांगता येतं. बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसतं ते आतल्या कडीच्या जोरावर. म्हणून दाब आतल्याच कडीवर यायला हवा. पाइपचा व्यास थोडा मोठा निघाला आणि तो बाहेरच्या कडीला टेकला, तर घणाचा प्रत्येक फटका छऱ्यांमधून जाऊन दोन्ही कड्यांवर खळगे पाडतो. ते खळगे बाहेरून दिसत नाहीत आणि त्या दिवशी आवाजही देत नाहीत. गाडी मजेत निघून जाते. आवाज येतो तो काही हजार किलोमीटरनंतर, आणि तोवर दोष घणाचा हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. बिल पाहून माणूस बेअरिंगच्या कंपनीला नावं ठेवतो. चूक आणि तिचं फळ यांच्यात इतकं अंतर पडलं, की अनुभवातून शिकण्याची वाटच बंद होते. जुनं बेअरिंग उघडून पाहिलं तरच ती वाट पुन्हा उघडते.

घणाला पर्याय अवघड नाही. जिप्सीच्या कामात जुनी कॉलर ग्राइंडरनं एका जागी पातळ करून छिन्नीनं फोडतात; शाफ्टला ग्राइंडर लागू द्यायचा नाही, कारण शाफ्टवरचा एक ओरखडा पुढे तडा होऊ शकतो. मग जुनं बेअरिंग आणि नवं बेअरिंग दोन्ही हायड्रॉलिक प्रेसवर. असा प्रेस लहान गॅरेजात नसतो, पण कल्याण-उल्हासनगरच्या लेथवाल्यांकडे असतो, आणि शाफ्ट घेऊन तिथवर जाणं ही अर्ध्या दिवसाची खोटी सोसण्यासारखी आहे. प्रेस मिळालाच नाही तर उष्णतेची मदत घेता येते. पोलाद तापलं की फुगतं, पण किती? 35 मिलिमीटर भोकाचं बेअरिंग 80 अंशांनी अधिक तापवलं तर भोक जेमतेम 0.03 मिलिमीटरनं मोठं होतं, केसाच्या जाडीच्या अर्ध्याच्या आसपास. एवढ्यावर काम होतं. सील लावलेलं बेअरिंग मात्र 80 अंशांपलीकडे तापवू नये आणि कुठल्याच बेअरिंगला गॅसची ज्योत दाखवू नये. ज्योतीनं पोलादाचं पाणी उतरतं. काढलेली कॉलर पुन्हा कधी वापरायची नाही. सील नवंच घालायचं, आतलं आणि जिथे असेल तिथे बाहेरचंही, कारण त्याची किंमत सगळ्या कामात सगळ्यात कमी आणि त्याच्या चुकीची किंमत सगळ्यात जास्त. आणि ड्रम उघडला की आतली धूळ हवेच्या नळीनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. पाणी शिंपडून, पुसून काढा. गाडी जॅकवर ठेवून खाली झोपणं तर निव्वळ वेडेपणा, घोडी लावल्याशिवाय नाही.

सैल पडलेल्या शाफ्टसाठी गॅरेजात एक ठरलेला तोडगा आहे: बेअरिंगच्या जागेवर पंचानं टिंबं मारायची, म्हणजे पोलादाचे कंगोरे उठतात आणि नवी कडी घट्ट बसल्यासारखी वाटते. ती टिंबांच्या टोकांवर बसलेली असते, शाफ्टवर नाही. टोकं आठवडा-पंधरवड्यात दबतात आणि कडी पुन्हा फिरू लागते. वेल्डिंगनं भर घालून लेथवर उतरवणं यापेक्षा बरं दिसतं, पण कठीण केलेल्या पोलादाला वेल्डिंगची आच लागली की त्याच कडेला तो नंतर मोडण्याची भीती. अशा वेळी दुसरा चांगला शाफ्ट शोधणं हाच इलाज. या दोन गाड्या रस्त्यावर इतक्या आहेत, की सुट्या भागांच्या बाजारात शाफ्ट दुर्मीळ नाही.

मग एका बाजूचं बदलावं की दोन्ही? याला ‘नेहमी दोन्ही’ असं सरसकट उत्तर देणारे मला पटत नाहीत, आणि ‘जे गेलं तेवढंच’ म्हणणारेही. उत्तर जुन्या बेअरिंगनं द्यायचं आहे. ते आयुष्य भोगून गेलं असेल तर दुसरंही त्याच वयाचं आहे, बदला. पाण्यानं गेलं असेल तर दुसरंही त्याच पुरात उभं होतं, निदान उघडून बघा. घणानं गेलं असेल तर दुसऱ्या बाजूचा त्यात काही गुन्हा नाही, राहू द्या. विलीज वंशाच्या जीपचं मात्र निराळं. तिच्या दोन शाफ्टांच्या मध्ये, डिफरन्शियलच्या आत, एक ठोकळा असतो आणि एका चाकावर आलेला आडवा रेटा त्यातून पलीकडच्या बेअरिंगवर जातो. तिथे दोन्ही बाजू म्हणजे एकच यंत्रणा. एका बाजूला नवं रोलर बेअरिंग घालून शिम न मोजता परत जोडलं, तर दुसऱ्या बाजूचा प्लेही बिघडतो. जिप्सीची सवय असलेला हात इथे चुकतो, तो याच जागी.

आणि मुळात गेलंय ते बेअरिंगच का, हेही आधी विचारलं पाहिजे. जाड नक्षीच्या टायरचा आवाज बेअरिंगसारखाच घुमतो. पण कल्याण-शीळ रस्त्याच्या काँक्रीटवरून डांबरावर आलं की टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. ॲक्सिलरेटर दाबताना एक आणि सोडताना दुसरा असा आवाज असेल तर संशय क्राऊन-पिनियनवर. वळताना एका अंगाला आवाज वाढला आणि दुसऱ्या अंगाला कमी झाला तर बेअरिंग, आणि बहुधा ज्या बाजूवर वळताना भार येतो त्या बाजूचं. चाक अधांतरी करून हातानं फिरवायचं आणि दुसरा हात स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवायचा. खरबरीत बेअरिंगची थरथर पाट्यातून हाताला कळते. या चार गोष्टींना दहा मिनिटं लागतात आणि चुकीच्या बाजूचं चांगलं बेअरिंग फोडणं वाचतं.

राहिला ‘माल चांगला येत नाही’ हा आक्षेप. तो पूर्ण खोटा नाही. नामांकित कंपन्यांच्या बनावट बेअरिंगांवर छापे पडतात, आणि खोक्यावर विश्वास ठेवून चालत नाही. म्हणून अधिकृत विक्रेता आणि पक्कं बिल. पण चुकीचा माल बहुतेक वेळा बनावट नसतो, चुकीच्या नंबरचा असतो. बेअरिंगवरचे आकडे वाचता येतात. 6207 म्हटलं तर 6 म्हणजे एका ओळीतल्या छऱ्यांचं बेअरिंग, 2 ही मालिका आणि शेवटचे 07 पाचानं गुणले की 35 मिलिमीटर, म्हणजे भोक. ही पद्धत जगभर एकच असल्यामुळे चिंचवडचं असो वा जयपूरचं, मापात फरक पडत नाही. फरक पडतो तो मागच्या अक्षरांत. सी-3 लिहिलेल्या बेअरिंगमध्ये छऱ्यांना थोडी जास्त मोकळीक असते, कारण शाफ्टवर घट्ट दाबल्यावर आतली कडी किंचित ताणली जाते आणि मोकळीक खाल्ली जाते. दुकानदारानं ‘नंबर तोच आहे, अक्षरांचं काही नाही’ म्हणून साधं दिलं, तर ते पहिल्या दिवसापासून आवळून फिरतं. तेव्हा जुन्या बेअरिंगवरचा पूर्ण नंबर, अक्षरांसकट, कागदावर उतरवून मगच दुकानात जावं. इथेही पुन्हा जुनंच बेअरिंग कामाला येतं.

कुणी म्हणेल, पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीवर एवढी मेहनत कशाला? नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी, वर पर्यावरण कर, वर तपासणी. हा प्रश्न पैशाचा असेल तर ज्यानं त्यानं आपला हिशेब करावा. पण गाडी ठेवायची ठरली असेल तर ती अर्धवट ठेवता येत नाही. ज्या गाडीनं काळूपलीकडच्या गावातून रात्री माणसाला दवाखान्यात आणायचं, तिच्या मागच्या चाकाबद्दल शंका ठेवून भागत नाही.

म्हणून टिटवाळा, गोवेली, खडवलीकडच्या मालकांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या वेळी बेअरिंग बदलाल तेव्हा जुनं मागून घ्या, त्यावर तारीख आणि किलोमीटर रंगानं लिहा, मिस्त्रीसमोर उघडा, आणि दोघं मिळून बघा. ब्रीदर फुंकून पाहा. आणि यंदा पाऊस संपला की आवाजाची वाट न पाहता मागच्या डिफरन्शियलचा फिलर बोल्ट उघडून आत बोट घाला. बोटाला ताकासारखं पांढुरकं तेल लागलं तर त्याच आठवड्यात तेल बदला आणि दोन्ही बाजूंचे ड्रम उघडा.